मी मागितलेला टाइम-आऊट

गेल्या डिसेंबरात आमच्या मुलींनी जिल्ह्याची फायनल जिंकली ती माझ्यामुळे, असं आमच्या भागात अजूनही काही लोक सांगत फिरतात. परवा तर इस्त्रीवाल्यानेही कपडे देता देता माझं अभिनंदन केलं. आता हे फार झालं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

मी सुधीर. सव्वीस वर्षं आमच्या मंडळाच्या मुलींना बास्केटबॉल शिकवला. मंडळ म्हणजे डोंबिवलीत कोपरच्या बाजूला चार इमारतींच्या मधलं सिमेंटचं मैदान, दोन खांब, दोन रिंगा आणि अकरा जणांची कार्यकारिणी. माझी ख्याती शिकवण्यापेक्षा ओरडण्याबद्दल जास्त. सामना आमच्या मैदानावर असला आणि मी टाइम-आऊट घेतला, की समोरच्या इमारतीतल्या बायका हातातली कामं टाकून गॅलरीत यायच्या. मुलींच्या आया म्हणायच्या, "सर तोंडाने फटकळ आहेत, पण मनाने फार चांगले." मला ते ऐकून बरं वाटायचं. मन चांगलं असलं की तोंडाला सगळं माफ, अशी माझी पक्की समजूत होती.

मागच्या उन्हाळ्यात रक्तदाब वाढला आणि तीन दिवस हॉस्पिटलात काढले. निघताना डॉक्टर म्हणाले, "ओरडणं बंद." बायकोने त्यांच्याकडून ते माझ्यासमोर दोनदा वदवून घेतलं. झालं, माझी कोचगिरी संपली.

संघ कोणाकडे द्यायचा याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. विनिता. दहा वर्षांची असताना माझ्याकडे आली, नऊ वर्षं खेळली, पुढे खेळाचं शिक्षण घेतलं आणि आता ठाकुर्लीच्या एका शाळेत पीटी शिकवते. तिचे वडील पोपटराव मंडपवाले, आमच्या मंडळाचा गणपतीचा मंडप तेच घालतात. मंडळाचे सेक्रेटरी मधुकाका मात्र नाक मुरडत होते. "पोरगी गुणी आहे हो, पण शेवटच्या मिनिटात डोकं कोण चालवणार?" शेवटी त्यांनी तोड काढली. जिल्हा स्पर्धेपुरती विनिता कोच आणि मी तिचा मदतनीस. त्यात तिचं काम बघायचं आणि मग ठरवायचं, संघ कायमचा तिच्याकडे द्यायचा की बाहेरून कोणी आणायचा.

विनिताने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सर, मॅच चालू असताना तुम्ही काही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

मी वचन दिलं. आणि खरं सांगतो, चार सामने ते पाळलंही. जीभ चावून चावून तोंड आलं, पण पाळलं.

फायनल ठाण्यात होती, तिथल्याच एका क्लबाशी, त्यांच्याच बंदिस्त मैदानावर. त्यांच्या मुली उंच. आमची सगळ्यात उंच मुलगी त्यांच्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या खांद्याला लागेल अशी परिस्थिती. पण आमच्या पोरी चपळ, आणि विनिताने त्यांना नुसतं पळवलं. शेवटच्या मिनिटाला आम्ही पन्नास, ते एकोणपन्नास. मधुकाका प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसून रुमाल पिळत होते.

वीस सेकंद उरली असताना चेंडू त्यांच्याकडे होता. त्या आमच्या रिंगेकडे येत होत्या आणि मला दिसत होतं की ही बास्केट पडणार. सव्वीस वर्षांत हे असं दिसलं की माझं एकच ठरलेलं होतं: टेबलाकडे जायचं, टाइम-आऊट मागून ठेवायचा, म्हणजे बास्केट पडल्या पडल्या हूटर वाजतो आणि मुलींना जवळ बोलावून ओरडता येतं. नियमाप्रमाणे टाइम-आऊट मागायचा हक्क मुख्य कोचला असतो आणि त्याच्या पहिल्या मदतनिसालाही असतो. तो मदतनीस मीच होतो.

मी उठलो. उठलो हेही मला नंतर कळलं. पाय आपले आपण टेबलापाशी गेले आणि दोन हातांनी ती खूण केली, एक तळवा आडवा, दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवलेली. टेबलावरच्या माणसाने मान डोलावली. विनिता मैदानाकडे बघत होती, तिला यातलं काही दिसलं नाही. मी वचन मोडलं नव्हतं, असं मी पुढे बराच वेळ स्वतःला समजावत होतो. तोंड उघडलंच नव्हतं ना.

बास्केट पडली. एक्कावन्न-पन्नास, त्या एकाने पुढे. घड्याळात नऊ सेकंद.

आणि मग मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. ठाण्याच्या मुली आनंदाने उड्या मारत होत्या. तिघी एकमेकींच्या गळ्यात, एक प्रेक्षकांकडे हात करून नाचतेय. आमच्या आणि त्यांच्या रिंगेच्या मध्ये जवळजवळ कोणीच नाही. विनिताने ते माझ्या आधी पाहिलं होतं. ती रेषेपाशी उभी राहून दोन्ही हातांनी खुणावत होती, "सान्वी, घे! पळ, पळ!" सान्वी आमची सगळ्यात वेगवान मुलगी. ती चेंडू घ्यायला वळली.

तेवढ्यात हूटर वाजला. पंचांनी शिट्टी मारली. टाइम-आऊट, डोंबिवली.

विनिता गर्रकन वळली. आधी टेबलाकडे बघितलं, मग टेबलापाशी उभ्या माझ्याकडे. माझे हात अजून वरच होते.

पंचवीस वर्षांची पोर माझ्याकडे बघत होती आणि मला पळून जावंसं वाटत होतं. एका मिनिटात ठाण्याचा कोच आपल्या मुलींना नीट उभं करणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. समोर वाढून ठेवलेलं ताट मी लाथाडलं होतं. त्या ताटात तिची नोकरी नव्हती, पगारही फारसा नव्हता, पण हा संघ होता, आणि तो तिला किती हवा होता हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी वाट बघत होतो, आता ही फाडफाड बोलणार. तिच्या जागी मी असतो तर मदतनिसाला प्रेक्षकांत नेऊन बसवलं असतं.

विनिता म्हणाली, "सर, मुलींना पाणी द्या."

एवढंच. आवाज नेहमीचा. मी बाटल्या उचलल्या.

टाइम-आऊटमध्ये पाणी वाटायची माझी ती पहिलीच वेळ. इतकी वर्षं त्या एका मिनिटात मी फक्त माझा आवाज ऐकला होता. त्या दिवशी प्रथमच मुली दिसल्या. सान्वीचे ओठ सुकले होते आणि तिने अर्धी बाटली एका दमात संपवली. श्रिया, आमची नेमबाज, उजवा अंगठा चड्डीला सारखा पुसत होती. सगळ्या विनिताच्या तोंडाकडे बघत होत्या आणि तिचं बोलणं सावकाश चाललं होतं, एखादी मुलगी शाळेत उशिरा आली तर तिला बाक दाखवावा तितकं साधं.

पंच विचारायला आले. शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आऊट घेतला की कोचला निवड असते: चेंडू पुढून, समोरच्या रिंगेजवळून सुरू करायचा, की मागून, आपल्याच रिंगेखालून. नऊ सेकंद असताना जगातला कुठलाही शहाणा माणूस पुढून घेतो. अर्धं मैदान पळायचं वाचतं.

"मागून," विनिता म्हणाली.

माझ्या तोंडातून हुंकार निघाला. त्याला शब्द म्हणता येणार नाही. पंचांनीही तिच्याकडे दोनदा बघितलं.

"पुढून घेतला तर त्या सगळ्या रिंगेखाली भिंत करून उभ्या राहतील," ती मुलींना सांगत होती. "आपल्याला दिसणारसुद्धा नाही रिंग. मागून घेतला की त्या आपल्याला अडवायला पुढे येतील. आल्या की त्यांना परत पळावं लागेल, आणि पळण्यात त्या आपल्याला गाठू शकत नाहीत. सान्वी, तू डावीकडून जा. सगळ्या तुझ्यावर येतील. येऊ दे. श्रिया, तू उजव्या कोपऱ्यात."

मुलींनी माना डोलावल्या. मी मात्र गार पडलो.

त्या उजव्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात एक खड्डा आहे, वीतभर रुंद आणि हातभर खोल. गणपतीच्या मंडपाचा मुख्य खांब त्यात उभा राहतो. दरवर्षी लागतो म्हणून तो कोणी बुजवत नाही. पाय मुरगळू नये म्हणून मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचो, "त्या कोपऱ्यात जायचं नाही." त्यामुळे सव्वीस वर्षांत आमच्या एकाही मुलीने उजव्या कोपऱ्यातून चेंडू मारलेला नाही. दुसऱ्यांच्या सपाट मैदानावर गेल्या तरी त्यांचे पाय तिकडे वळत नसत. हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. आमच्याविरुद्ध खेळताना तो कोपरा कोणी राखायचंच नाही. आमचे विरोधक पाच खेळाडूंचं काम चौघींत भागवायचे, आणि मी वर्षानुवर्षं मुलींवर ओरडायचो की तुम्हाला जागा का सापडत नाही.

"श्रिया तिथून मारणार?" हे मी विचारलं नाही. पण तोंडावर दिसलं असावं. विनिता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ऑगस्टपासून मारतेय, सर. गणपती उठले त्या दिवसापासून तर रोज. बाबांनी खड्ड्याला लोखंडी झाकण करून दिलंय."

लोखंडी झाकण. हॉस्पिटलातून आल्यावर मी सरावाला फिरकलोच नव्हतो, त्यामुळे मला ते दिसलंही नव्हतं. खड्डा बुजवायचाही नव्हता, फक्त झाकायचा होता. सव्वीस वर्षं मी त्या खड्ड्याला वळसा घालत होतो आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. पोपटराव तर दरवर्षी माझ्याकडून चहा पिऊन जायचे.

हूटर वाजला.

पुढचं सगळं नऊ सेकंदांत झालं. आमच्या मुलीने मागून चेंडू आत टाकला. ठाण्याच्या दोघी खरोखरच पुढे धावून आल्या होत्या. सान्वीने एकीला डावीकडून चकवलं, दुसरी तिच्या मागे पडली, आणि अर्धं मैदान मोकळं झालं. तिसरी आली, चौथीही आली. त्यांच्या उंच हातांत सान्वी दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं, संपलं. आणि त्या हातांच्या खालून, जमिनीवर एक टप्पा घेत, चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला.

श्रियाजवळ कोणी नव्हतं. तिने घाई केली नाही. चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेवर आपटला, वर उडाला, मागच्या कडेला लागला आणि आत पडला. पाठोपाठ शेवटचा हूटर झाला. बावन्न-एक्कावन्न.

मग जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. मुली विनिताला उचलायला गेल्या आणि सगळ्याच पडल्या. मधुकाका रुमाल हलवत मैदानात आले, ते थेट माझ्याकडे. मला मिठी मारून म्हणाले, "सुधीरराव, काय टाइम-आऊट घेतलात! मी पाहत होतो. ती मुलगी तशीच खेळवायला निघाली होती. तुम्ही उठलात म्हणून वाचलो. याला म्हणतात अनुभव!"

इथे मी लगेच "अहो, उलट झालं" असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. लोक हात मिळवत होते, कोणीतरी हार घातला, आणि सव्वीस वर्षांत जिल्ह्याचा कप आम्हाला एकदाही मिळाला नव्हता. मला तो हार गोड लागला. मी विनिताकडे बघितलं नाही. ती मुलींच्या पिशव्या मोजत होती.

परतीच्या मिनीबसमध्ये मधुकाका माझ्या शेजारी बसले. मुली मागे गाणी म्हणत होत्या. मुंब्रा मागे पडलं तरी मी गळ्यातला हार काढला नव्हता. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे वाहनं अडकली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि मधुकाका हातात कप घेऊन उभे राहिले.

"मुलींनो, अभिनंदन. विनिता, तुझंही. तू मेहनत घेतलीस. पण आज सगळ्यांनी पाहिलं, आणीबाणीच्या वेळी जाणता माणूसच लागतो. तेव्हा माझ्या मते अजून दोन वर्षं सुधीररावांनीच संघ सांभाळावा. ओरडू नका म्हणजे झालं. विनिताने त्यांच्या हाताखाली शिकावं."

गाणी थांबली. विनिता माझ्या पुढच्या सीटवर होती. तिने मान वळवली नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

त्या "बरं"ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग मधुकाकांचा नव्हता, माझाच होता. मी ताडकन उठलो आणि बसच्या छताला डोकं आपटलं.

"मधुकाका, तो टाइम-आऊट ही माझी चूक होती," मी म्हणालो. "घोडचूक. ठाण्याच्या पोरी नाचत होत्या, रिंग मोकळी होती, विनिताने सान्वीला पळायला सांगितलं होतं. मी हूटर वाजवला आणि तिचा डाव मोडला."

मधुकाका हसले. "हा तुमचा मोठेपणा आहे, सुधीरराव."

"मोठेपणा कसला डोंबलाचा! सान्वी, सांग यांना. हूटरच्या आधी ताई तुला काय म्हणाली?"

सान्वी घाबरत उभी राहिली. "ताईने सांगितलेलं, घे आणि पळ. मी पळणारच होते, सर. समोर कोणीच नव्हतं."

"आणि मागून चेंडू घ्यायचं कोणी ठरवलं?"

"ताईने."

"कोपऱ्यात उभं राहायचं?"

"ताईने," मागून श्रिया म्हणाली. "तुम्ही पाणी देत होतात, सर."

बसमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. मधुकाका खाली बसले. त्यांनी कप मांडीवर ठेवला. माणूस हट्टी, पण खोटा नाही. "म्हणजे त्या एका मिनिटात तिने आपल्याला वाचवलं," ते म्हणाले. "तुमच्यापासून."

"माझ्यापासूनच."

"मग माझं काय उरलं बोलायला? संघ तिचाच. विनिता, उद्या संध्याकाळी ऑफिसात ये, पत्र देतो."

मुलींनी असा काही आरडाओरडा केला की बाजूच्या ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. विनिता आता वळली होती. डोळे भरले होते तिचे. मला वाटलं, प्रकरण इथे छान संपलं, आता आपण खाली बसावं. पण एक गोष्ट मला टोचत होती.

"विनिता," मी म्हणालो, "तू मला तेव्हा काहीच का बोलली नाहीस?"

"बोलणार होते, सर. अगदी तोंडात आलेलं. तुम्ही मला बोलायचात ना, तेच शब्द." तिने मागे सान्वीकडे बघितलं. "मग सान्वी दिसली. ती माझ्याकडे बघत होती, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून. सर, तुम्हाला कधी सांगितलं नाही मी. टाइम-आऊटमध्ये तुम्ही ओरडायला लागलात की मला काही ऐकू यायचं नाही. फक्त तुमचं तोंड हलताना दिसायचं. नऊ वर्षं. मैदानात परत जाताना मी बाकीच्या मुलींना विचारायचे, सर काय म्हणाले ग."

मी बसलो.

मला ती नऊ वर्षं आठवत होती. ही मुलगी कधी उलटून बोलली नाही, कधी चुकवलं नाही, सगळ्यांच्या आधी यायची. मी म्हणायचो, विनिता एकदा सांगितलेलं लगेच ऐकते. आणि ती ऐकत नव्हतीच, दुसऱ्यांना विचारून खेळत होती. तरी टिकली, शिकली, परत माझ्याच मैदानावर आली. ज्या मिनिटात तिला माझ्यावर ओरडायचा पूर्ण हक्क होता, त्या मिनिटात ओरडली नाही. तिने माझी पत राखली, मुलींना सामना जिंकून दिला, आणि मी हार घालून घेत असताना गुपचूप पिशव्या मोजल्या. यासाठी मी तिचे आभार कसे मानायचे, हे मला कुठल्या कोचिंगच्या वर्गात शिकवलं नव्हतं.

"चुकलो ग मी," मी म्हणालो. "आजचंही, आणि त्या नऊ वर्षांचंही. आणि थँक यू."

तिने मान हलवली. "बास्केटबॉल तुम्हीच दिलात ना, सर," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे की." मग ती पुढे वळली आणि तिने ओढणीने तोंड पुसलं. गाड्या हलल्या.

संघ आता तिचा आहे. मी आठवड्यातून तीन दिवस मैदानावर जातो, तिने बोलावलं म्हणून. लहान मुलींचा गट माझ्याकडे दिलाय. त्यांना काही सांगायचं असलं की मी आता लांबून हाका मारत नाही. जवळ जातो, गुडघे दुखतात तरी खाली बसतो, सांगतो, आणि विचारतो, "ऐकू आलं का, बाळा?"

बहुतेक वेळा हो म्हणतात. एखादी नाही म्हणाली, तर मी पुन्हा सांगतो.